घराण्यात कॅन्सर आहे, मग माझी तपासणी कधी? सातारा-सांगलीच्या बायकांसाठी जनुक-तपासणीची वाट

स्तनाचा कॅन्सर झालेल्या शंभर बायका घेतल्या, तर त्यांतल्या पाच ते दहा जणींनाच तो आईवडिलांकडून आलेल्या जनुकातल्या बिघाडामुळे झालेला असतो. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये हे प्रमाण जास्त आहे, शंभरात पंधरा ते वीस. म्हणजे आईला झाला म्हणून लेकीने दुसऱ्या दिवशी रक्त द्यायला धावायचं कारण नाही, आणि 'आमच्यात नाही असलं काही' म्हणून विषय झटकायचंही कारण नाही. हा लेख मधल्यांसाठी आहे. घरात एकापेक्षा जास्त जणींना झालाय, किंवा एकीलाच झालाय पण फार लहान वयात. डॉक्टर राउंडला येऊन 'जेनेटिक टेस्ट करून घ्या' म्हणून गेलेत. आणि ती कुठं, कुणाची, कशासाठी, हे विचारायला कुणी सापडत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. या कामात रक्ताची नळी हा शेवटचा आणि सगळ्यात सोपा भाग आहे. गाडी अडते ती त्याच्या आधी: घराण्याची माहिती अर्धवट असते, आणि तपासणी भलत्याच माणसाची होते.

आधी थोडं शरीराचं

आपल्या पेशी सतत विभागत असतात, आणि विभागताना डीएनएत मोडतोड होत राहते. ती दुरुस्त करणारी जी यंत्रणा आहे, तिच्यातली दोन महत्त्वाची जनुकं म्हणजे बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२. प्रत्येकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. जोडीतला एक बैल जन्मापासून लंगडा असला तरी दुसरा गाडी ओढत राहतो. तोही बसला की गाडी उताराला लागते. बिघाड घेऊन जन्मलेल्या बाईचं असंच असतं. तिला कॅन्सर जन्मतः नसतो, जन्मतः असते ती एकच धड प्रत. स्तनाच्या किंवा अंडाशयाच्या एखाद्या पेशीत ती दुसरी प्रतही बिघडली की पुढची साखळी सुरू होऊ शकते.

बिघाड असलेल्या आईकडून किंवा वडिलांकडून तो प्रत्येक अपत्याकडे जायची शक्यता निम्मी असते. मुलगा असो की मुलगी, पहिलं असो की चौथं, प्रत्येक वेळी निम्मीच. वडिलांकडूनही तो तितकाच येतो, हे वाक्य दोनदा वाचा. आपल्याकडे स्तनाचा कॅन्सर म्हटलं की आई, आजी, मावशी यांचीच चौकशी होते. आत्याचं नाव कुणी काढत नाही.

घराणी बघून ही शंका फार पूर्वीच आली होती. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने आपल्या बायकोच्या माहेरच्या पिढ्यांमधला स्तनाचा कॅन्सर १८६६ साली लिहून ठेवला होता. जनुकाचा नेमका पत्ता लागायला मात्र १९९० उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग यांनी तो १७ व्या गुणसूत्रावर असल्याचं दाखवलं. बीआरसीए-१ प्रत्यक्ष हाती लागलं १९९४ मध्ये, बीआरसीए-२ पुढच्या वर्षी. २०१३ मध्ये अँजेलिना जोलीने आपल्याला बिघाड असल्याचं आणि दोन्ही स्तन काढून घेतल्याचं जाहीर लिहिलं, तेव्हापासून हे नाव वर्तमानपत्रांत आलं.

आता आकडे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत बीआरसीए-१ मध्ये बिघाड असलेल्या बायकांना वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता ७२ टक्के आणि अंडाशयाच्या कॅन्सरची ४४ टक्के आढळली. बीआरसीए-२ साठी ६९ आणि १७ टक्के. ही घराणी बहुतेक पाश्चात्त्य होती, म्हणून आकडा तसाच्या तसा स्वतःला चिकटवू नका. पण धोका किती वरचा आहे याची कल्पना त्यातून येते. आणि ७२ टक्के म्हणजे शंभरातल्या अठ्ठावीस जणींना ऐंशीपर्यंत तो होत नाही, हेही त्याच आकड्यात आहे.

बीआरसीए ही दोनच नावं नाहीत. पीएएलबी-२, टीपी-५३, एटीएम, चेक-२ अशी आणखीही जनुकं आहेत. लिंच सिंड्रोम नावाचा वेगळाच गट आहे, त्यात मोठ्या आतड्याचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर घराण्यात फिरतो. म्हणून हल्ली एकेक जनुक न तपासता एका रक्तात अनेक जनुकांचं पॅनल करतात.

पायरी पहिली: वंशावळ काढा, पण लेकींची

कुणबी नोंदीच्या निमित्ताने अलीकडे आपल्या भागात घरोघरी वंशावळी निघाल्या. तहसीलच्या झेरॉक्स दुकानात खापरपणजोबांपर्यंतचे तक्ते टाइप होऊन मिळत होते. त्याआधीही बैलावर बसून येणारे हेळवी आपल्या पोथीतून घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवायचे. कागद तयार असेल तर सुरुवात तिथून करा. पण त्या कागदावर बहुतेक बाप्येच भेटतील. लग्न होऊन गेलेल्या लेकी, लहानपणी गेलेल्या बहिणी, पहिल्या बाळंतपणानंतर वारलेली चुलती, यांच्या जागा कोऱ्या असतात. आपल्याला नेमकं तेच हवं आहे.

एक मोठा कागद घ्या, लेकराच्या चित्रकलेच्या वहीतला चालेल. बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन. मधोमध स्वतःला काढा. वरच्या ओळीत आई-वडील, त्यांची सख्खी भावंडं, म्हणजे मामा-मावश्या एका बाजूला आणि काका-आत्या दुसऱ्या बाजूला. त्याच्या वर दोन्हीकडचे आजी-आजोबा. आपल्या शेजारी आपली भावंडं, खाली मुलं, भाचरं. कॅन्सर झालेल्यांचा गोल किंवा चौकोन पेनाने भरून टाका, वारलेल्यांवर तिरकी रेघ मारा. प्रत्येक भरलेल्या खुणेजवळ दोनच गोष्टी लिहा: कुठल्या अवयवाचा, आणि समजलं तेव्हाचं वय. वारली तेव्हाचं वय नव्हे, आजार कळला तेव्हाचं. सन आठवत नसेल तर 'धाकट्याच्या लग्नाच्या वर्षी', 'कोयनेच्या भूकंपानंतर', '७२ च्या दुष्काळात' अशा खुणांवरून वय जुळवता येतं. म्हाताऱ्या माणसांना आकडे विचारले की ती गोंधळतात, प्रसंग विचारले की बरोबर सांगतात.

मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न झालं असेल, आणि आपल्या भागात ते पुष्कळ घरांत आहे, तर तक्त्यात ते दुहेरी रेघेने दाखवा. तिथं माहेर आणि सासर एकाच रक्ताचं असतं. क्वचित नवरा आणि बायको दोघांकडे बीआरसीए-२ चा बिघाड निघू शकतो, आणि दोन्ही प्रती बिघडलेल्या मुलाला फॅन्कोनी अॅनिमिया नावाचा रक्ताचा गंभीर आजार होऊ शकतो. तपासणीआधी आणि नंतर सल्ला देणाऱ्या समुपदेशकाला हे नातं आधीच कळलेलं बरं.

घरं लहान असतील, मुलगेच जास्त असतील, तर कागदावर बिघाड लपून बसतो. पुरुषांकडूनही तो पुढच्या पिढीत जातो, पण त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर क्वचितच दिसतो. म्हणून पुरुषांचा प्रोस्टेटचा आणि स्वादुपिंडाचा कॅन्सरही नोंदवा. कुणा काका-मामाला छातीत गाठ झाली असेल, तर ती सगळ्यात ठळक लिहा.

पायरी दुसरी: 'पिशवीचा कॅन्सर' म्हणजे नेमका कुठला?

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. घरात विचारलं की उत्तरं अशी येतात: "आक्काची पिशवी काढली हुती", "मावशीच्या पोटात गाठ झालती", "आज्जीच्या पोटात पाणी झालं आन् दोन महिन्यांत गेली", "काविळीनं गेली". या चारही वाक्यांत कॅन्सर असू शकतो, किंवा एकाही वाक्यात नसू शकतो.

पिशवी काढणं ही आपल्याकडे इतकी सर्रास होणारी गोष्ट आहे की कशासाठी काढली हे बाईलाही माहीत नसतं. अंगावरून जास्त जात होतं, गाठी होत्या, अंग बाहेर येत होतं, अशी साधी कारणंच बहुतेकदा असतात. पण कॅन्सर होता असं कळलं, तर 'पिशवीचा' या एका शब्दात तीन वेगळे आजार असतात आणि तिन्हींचा अर्थ वेगळा. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही विषाणूमुळे होतो, तो घराण्यातून आलेला समजत नाहीत. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर पन्नाशीच्या आत झाला असेल तर लिंचचा विचार करतात. अंडाशयाचा असेल, तर वय काहीही असो, बीआरसीएची तपासणी करायलाच हवी. पोटात पाणी होऊन थोड्याच महिन्यांत बाई जाणं, हे लिव्हरच्या आजारात होतं तसं अंडाशयाच्या कॅन्सरमध्येही होतं. दारूचा संबंध नसलेल्या आजीच्या पोटात पाणी झालं होतं, असं कळलं तर ते कंस करून लिहून ठेवा.

तोंडाचा कॅन्सर झालेली आजी असेल तर आधी विचारा, मिश्री लावायची का? बहुधा उत्तर हो असेल. तो तंबाखूचा हिशेब, त्याचा या तक्त्याशी फारसा संबंध नाही. तरी लिहा, गाळायचं काम डॉक्टरांवर सोडा.

आठवणींपेक्षा कागद भारी. ट्रंकेत, गादीखाली, लॉफ्टवर प्लॅस्टिकच्या पिशवीत जुनी फाइल असते. त्यात बिल आणि एक्स-रे बाजूला ठेवून 'हिस्टोपॅथॉलॉजी' किंवा 'बायॉप्सी' असं वर लिहिलेला कागद शोधा. स्तनाच्या गाठीच्या रिपोर्टमध्ये ईआर, पीआर आणि हर-टू या तिन्हींपुढे निगेटिव्ह असेल तर तो ट्रिपल निगेटिव्ह प्रकार. अंडाशयाच्या रिपोर्टमध्ये 'हाय ग्रेड सीरस' हे शब्द असतील तर त्याखाली रेघ मारा. हे दोन्ही प्रकार बीआरसीए-१ च्या घराण्यांत जास्त दिसतात.

पायरी तिसरी: जायचं की नाही

कागद समोर ठेवून बघा. एकाच बाजूच्या, म्हणजे फक्त आईकडच्या किंवा फक्त वडिलांकडच्या, दोन-तीन जवळच्या नातलगांना स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झालाय का? कुणाला पंचेचाळिशी-पन्नाशीच्या आत स्तनाचा झालाय का? ट्रिपल निगेटिव्ह आहे का? दोन्ही स्तनांत, किंवा एकाच बाईला स्तनाचा आणि अंडाशयाचाही? कुणा पुरुषाला स्तनाचा? अंडाशयाचा एक तरी? यांतल्या एकाचंही उत्तर हो असेल, तर समुपदेशनाची वेळ घ्या. आईकडची एक मावशी साठीत आणि वडिलांकडची एक चुलत आत्या सत्तरीत, एवढंच असेल तर बहुधा काळजीचं कारण नाही. दोन बाजूंची बेरीज करायची नसते.

लग्न नात्यातलं नसेल, तर नवऱ्याच्या आईला झाला म्हणून सुनेला धोका नाही. तिच्या मुलांना असू शकतो. हे सांगायची वेळ येते, कारण 'सासूबाईंचं मला लागेल का' ही भीतीही असते आणि 'हिनं माहेराहून आणलं' हा टोमणाही असतो.

पायरी चौथी: रक्त आधी कुणाचं

जिला कॅन्सर झालाय तिचं. घरातल्या धडधाकट लेकीचं नव्हे.

समजा, तासगावच्या एका बाईला ३८ व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झालाय आणि तिची २२ वर्षांची लेक पुण्यात नोकरी करते. काळजीपोटी लेक ऑनलाइन किट मागवते, थुंकीचा नमुना पाठवते, रिपोर्ट निगेटिव्ह येतो, घर सुटकेचा श्वास टाकतं. पण त्या निगेटिव्हला अर्थ काय? आईत बिघाड होता आणि लेकीकडे आला नाही, की आईतला बिघाड या तपासणीला दिसतच नाही, की आईचा कॅन्सर मुळात आनुवंशिक नव्हताच? कळायला मार्ग नाही. तेच आधी आईचं रक्त तपासलं, त्यात नेमका बिघाड सापडला, तर लेकीच्या रक्तात तेवढी एकच जागा बघायची. उत्तर हो किंवा नाही, स्वच्छ. खर्चही कितीतरी कमी.

म्हणून पेशंट उपचार घेत असतानाच हे करून घ्या. माणूस गेल्यावर दवाखान्याच्या लॅबमध्ये मेणाच्या ब्लॉकमध्ये जपून ठेवलेल्या गाठीच्या तुकड्यावरून काही वेळा प्रयत्न करता येतो, पण त्याचा भरवसा नाही. तपासणीचा पेशंटलाही उपयोग असतो: बिघाड सापडला तर ओलापॅरिबसारखी औषधं वापरायची का, ऑपरेशन किती करायचं, हे त्यावर ठरतं. काही वेळा डॉक्टर गाठीच्या तुकड्यावरच जनुकाची तपासणी करतात. तिथं बिघाड दिसला तरी तो फक्त गाठीत आहे की जन्मापासून सगळ्या शरीरात, हे रक्तावरूनच ठरतं. दोन्ही रिपोर्ट एकच समजू नका.

अठरा वर्षांखालच्या मुलींची बीआरसीए तपासणी करत नाहीत. तिचा निर्णय ती मोठी झाल्यावर तिचाच.

पायरी पाचवी: कुठं, आणि बरोबर काय न्यायचं

उपचारांसाठी आपल्याला लांब जायची गरज पूर्वीइतकी राहिलेली नाही. मिरज तर १८९४ पासून, डॉ. वानलेसांच्या मिशन हॉस्पिटलपासून, दवाखान्यांचंच गाव आहे. मिरजेत आणि कराडला कॅन्सरचे उपचार होतात. रक्त इथंच घेऊन मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवता येतं. पण लॅबचा माणूस येऊन नळी भरून गेला म्हणजे समुपदेशन झालं असं नाही. तपासणीआधी आणि रिपोर्टनंतर, दोन्ही वेळा जेनेटिक्स शिकलेल्या डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोलणं व्हायला हवं. टाटा मेमोरियलचं कॅन्सर जेनेटिक्सचं काम खारघरच्या अॅक्ट्रेक केंद्रातून चालतं. आधी फोन करून कुठल्या दिवशी, खारघरला की परळला यायचं ते विचारा.

खारघरला जायचं असेल तर महालक्ष्मी रेल्वेगाडीपेक्षा बस सोयीची. साताऱ्या-कराडकडून मुंबईला जाणाऱ्या गाड्या एक्सप्रेसवेवरून कळंबोलीला उतरतात, खारघर तिथून लगेच पुढे. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला रेल्वेच्या तिकिटातही सवलत मिळते, त्यासाठी दवाखान्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. पाटण-जावळीकडच्या घरांचं कुणी ना कुणी मुंबईत माथाडीत असतंच, उतरायची सोय तशी होते.

बरोबर न्यायचं ते असं: वंशावळीचा कागद, पेशंटची मूळ बायॉप्सी आणि तिची झेरॉक्स, ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, आधार, रेशनकार्ड, आणि शक्य असेल तर घराण्याची माहिती असलेली एक वयस्क बाई. आत्या आली तर फार उत्तम. मुलगा किंवा जावई सोबत असेल तर त्याला थोडा वेळ बाहेर बसवायला लाजू नका. पाळी, पिशवी, मुलं अजून हवीत की नकोत, हे प्रश्न तिथं विचारले जातात आणि त्याच्यासमोर बायका खरं बोलत नाहीत.

प्रत्यक्ष नमुना म्हणजे जांभळ्या झाकणाच्या छोट्या नळीत थोडंसं रक्त. उपाशीपोटी जायची गरज नाही. आधी संमतीपत्रावर सही घेतात. ते वाचून घ्या, विशेषतः उरलेला नमुना संशोधनाला वापरायचा की नाही, तो रकाना. नकार दिला तरी तपासणी होते. लॅबला एकच विचारा: जनुकातले मोठे तुकडे गाळले गेले किंवा दुप्पट झाले तर तेही तुमच्या पद्धतीत दिसतं का? त्यासाठी काही ठिकाणी एमएलपीए नावाची जोडतपासणी लागते. रिपोर्टला साधारण तीन ते पाच आठवडे लागतात.

खर्चाचं म्हणाल तर पॅनलला लॅबनुसार दहा-वीस हजारांच्या आसपास धरून चला, आणि घरात बिघाड आधीच माहीत असेल तर एका जागेच्या तपासणीला त्याच्या कितीतरी कमी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं, केमो, रेडिएशन बसतं. जनुक-तपासणीचं काय, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर किंवा १५५३८८ या नंबरवर विचारून घ्या. दवाखान्यातल्या समाजसेवा विभागाचा दरवाजाही ठोठवा, तिथल्या लोकांना ट्रस्ट आणि निधी तोंडपाठ असतात.

पायरी सहावी: रिपोर्ट वाचताना

तीन तऱ्हेची उत्तरं येतात. 'पॅथोजेनिक' किंवा 'लाइकली पॅथोजेनिक' म्हणजे बिघाड सापडला आणि तो धोक्याचा आहे. 'निगेटिव्ह' म्हणजे तपासलेल्या जनुकांत काही दिसलं नाही. घरातला बिघाड माहीत असून तुमचा निगेटिव्ह आला, तर तुमचा धोका सर्वसाधारण बायकांइतका, पेढे वाटा. घरातला बिघाड माहीत नसेल तर तक्ता भरलेल्या गोलांनी जितका काळा, तितकी सावधगिरी तशीच चालू ठेवायची.

तिसरं उत्तर छळतं: 'व्हेरियंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स', सगळे त्याला व्हीयूएस म्हणतात. जनुकात बदल आहे, पण तो निरुपद्रवी की धोक्याचा हे आज ठरलेलं नाही. आपल्याकडच्या घराण्यांची माहिती जगाच्या साठ्यात कमी असल्याने भारतीय रिपोर्टमध्ये हे उत्तर बरंच येतं. व्हीयूएसवरून अंडाशय किंवा स्तन काढायचा निर्णय घ्यायचा नाही, आणि बहिणींना त्यासाठी तपासायला पाठवायचं नाही. अगदी कुणी घाई केली तरी. असे बदल पुढे बहुतेकदा निरुपद्रवीच ठरतात.

रिपोर्टवर बदलाचं लांबलचक नाव असतं, अक्षरं आणि आकडे मिसळलेलं. बीआरसीए-१ मधला १८५ डेल एजी हा आपल्या देशातही वारंवार सापडणारा बदल आहे, त्याचं नावही असंच. ते नाव म्हणजे सगळ्या नात्यासाठी पत्ता. विटा-आटपाडीकडची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी, घरं कोइमतूरपासून कोलकात्यापर्यंत पसरलीत. तिकडच्या बहिणीने ते पान तिथल्या डॉक्टरांना दाखवलं की तिथंच तिची एका जागेची तपासणी होते. ते पान पाठवायचं, पण घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नव्हे. ज्याला उपयोग आहे त्याला, एकेकाला, फोन करून. ग्रुपवर गेलेला रिपोर्ट संध्याकाळपर्यंत भावकीत आणि आठवड्यात सोयरिकीच्या बोलण्यात पोचतो.

बिघाड सापडला तर

पहिल्या महिन्यात कुठलंही ऑपरेशन ठरवू नका. कॅन्सर आज झालेला नसेल तर घाई नाही.

स्तनांसाठी दोन वाटा आहेत. एक, कडक पहारा: पंचविशीपासून दर सहा ते बारा महिन्यांनी डॉक्टरांकडून हाताने तपासणी आणि दर वर्षी एमआरआय, तिशीपासून त्यात वर्षाची मॅमोग्राफी. उपकेंद्रावर तिशीनंतर होणारी तपासणी चांगलीच आहे, पण तुमच्यासाठी ती पुरेशी नाही. स्तनाच्या एमआरआयला वेगळी जोडणी लागते. गावात एमआरआय मशीन आहे म्हणजे ती सोय आहेच असं नाही, जायच्या आधी विचारा. पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते पंधराव्या दिवसांतली तारीख घ्या, चित्र स्वच्छ येतं. दुसरी वाट, दोन्ही स्तन काढून घेणं. त्याने स्तनाच्या कॅन्सरचा धोका ९० टक्क्यांहून जास्त कमी होतो. ही वाट निवडणारी बाई भित्री नसते आणि न निवडणारी बेफिकीर नसते.

अंडाशयाचं तसं नाही. सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ताची चाचणी वर्षानुवर्षं करूनही अंडाशयाचा कॅन्सर वेळेत पकडता येईल याची खात्री देता येत नाही. म्हणून मुलं झाल्यावर बीआरसीए-१ असेल तर ३५ ते ४० आणि बीआरसीए-२ असेल तर ४० ते ४५ या वयात अंडाशय आणि त्यांच्यापासून गर्भाशयाकडे जाणाऱ्या नळ्या काढण्याचा सल्ला देतात. मी स्वतः या सल्ल्याच्या बाजूने आहे. पण पाळी एकदम थांबते, अंगात वाफा येतात, झोप उडते, हाडं ठिसूळ होऊ लागतात. यावर काय करायचं, हार्मोनच्या गोळ्या चालतील का, हे ऑपरेशनच्या आधी बोलून घ्या, नंतर नव्हे.

इथं एक गोष्ट नक्की करा. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना सांगा की कारण बीआरसीए आहे, आणि पॅथॉलॉजीच्या चिठ्ठीवर ते लिहायला लावा. मग नळ्या पूर्णच्या पूर्ण बारीक कापून तपासल्या जातात, कारण हा कॅन्सर बऱ्याचदा नळीच्या टोकाशी सुरू होतो आणि नेहमीच्या तपासणीत तो सुटू शकतो. आणि 'पिशवी काढू' एवढ्यावर थांबू नका. डिस्चार्ज कार्डावर अंडाशयं काढली की ठेवली, हे स्पष्ट लिहून घ्या. तुमच्या नातीला तोच कागद लागणार आहे.

हळदीचं विचारतातच, सांगलीत तर विचारणारच. हळद जेवणात खा. जन्मतः बिघडलेलं जनुक तिने दुरुस्त होत नाही, आणि त्या नावाने विकल्या जाणाऱ्या महाग कॅप्सूलने तर नाहीच.

विम्याबद्दल थोडक्यात. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर विमा नियामकाने 'आनुवंशिक आजार' या सरसकट कारणाखाली आरोग्य विम्याचे दावे नाकारू नयेत असं कंपन्यांना सांगितलं. तरी पॉलिसीच्या अर्जात विचारलेलं काही लपवू नका. दावा अडतो तो बहुतेकदा तिथं.

लग्नाच्या मुलींचा प्रश्न राहतो. स्थळाला सांगायचं का, कधी सांगायचं, हा निर्णय त्या मुलीचा आहे. तिच्या बापाचा, काकाचा नाही. माझं मत असं की होकार पक्का होण्याआधी मुलाला तिने स्वतः सांगावं, डॉक्टरांकडे दोघांनी एकदा जावं. मूल होणं, आणि स्तन काढलेले नसतील तर अंगावर पाजणं, यात अडचण नाही. बिघाड पुढे जाऊ नये असं वाटत असेल तर टेस्ट ट्यूब पद्धतीत गर्भ आधी तपासून घेण्याची सोय मोठ्या शहरांत आहे, खर्चिक आहे.

भावांनाही तपासायला सांगा. 'आम्हाला काय करायचंय' असं म्हणतील. त्यांना मुली आहेत, एवढं पुरतं. शिवाय बीआरसीए-२ असलेल्या पुरुषांना प्रोस्टेटचा धोका वाढलेला असतो, त्यांच्या रक्ताची पीएसए तपासणी चाळिशीत सुरू करतात.

व्हीयूएस आलेल्यांनी दर एक-दोन वर्षांनी क्लिनिकला फोन करून त्या बदलाचं नाव पुन्हा तपासून बघायला सांगायचं, कारण नवी माहिती आली की शेरा बदलतो आणि लॅब दवाखान्याला कळवते. दवाखाना तुम्हाला शोधतो तो फाइलवर लिहिलेल्या नंबरवर. सिमकार्ड बदललं तर तो नंबरही बदलून घ्या, आणि दुसरा म्हणून पोराचा नको, एखाद्या बहिणीचा द्या.